सतरा गाणी, ड्रमरचं एकही नाही

ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम कुठला? बीटल्सचा म्हणालात तर विकेट गेली तुमची. तो मान क्वीन बँडच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’चा. १९८१ च्या ऑक्टोबरात आलेला हा अल्बम म्हणजे आधीच गाजून झालेल्या १७ गाण्यांची मोट. आणि ही मोट ब्रिटनमध्ये २०१४ साली ६० लाखांच्या पुढे गेली, २०२२ मध्ये ७० लाखांच्या. (हल्ली स्ट्रीमिंगही हिशेबात धरतात, पण तरीही!) प्रॅचेट आणि गेमन यांच्या ‘गुड ओमेन्स’ या १९९० च्या कादंबरीत यावर झकास टिंगल आहे: कुठलीही कॅसेट गाडीत पंधरवडाभर पडून राहिली, की ती आपोआप क्वीनच्या गाण्यांची होते. मग मुळात ती शास्त्रीय संगीताची का असेना.

कव्हरवरचा फोटो लॉर्ड स्नोडनचा. हे राजकन्या मार्गारेटचे घटस्फोटित पती. म्हणजे ‘क्वीन’चा फोटो खऱ्या क्वीनच्या माजी मेव्हण्याने काढला!

आता गाण्यांची वाटणी बघा. ब्रिटिश आवृत्तीत फ्रेडी मर्क्युरीची १०, गिटारवाल्या ब्रायन मेची ५, बेसवाल्या जॉन डीकनची २. बेरीज झाली १७. ड्रमर रॉजर टेलर? भोपळा. त्याच्याबद्दल हळहळण्याआधी एक किस्सा ऐका. १९७५ मध्ये ‘बोहेमियन रॅप्सडी’ निघालं, तेव्हा रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजरचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ होतं. ते तिथे लागावं म्हणून पठ्ठ्या म्हणे कपाटात जाऊन बसला आणि बाकीचे हो म्हणेपर्यंत बाहेरच येईना. पुढची बाजू ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिली. रेकॉर्ड विकली की दोन्ही बाजूंची रॉयल्टी सारखीच, त्यामुळे कपाटातली ती बैठक रॉजरला चांगलीच फळली.

ड्रमरच्या नशिबाची गंमत इथेच संपत नाही. जगभरच्या स्टेडियममध्ये ज्या ठेक्यावर लोक पाय आपटतात, त्या ‘वुई विल रॉक यू’मध्ये ड्रम नाहीतच! दोनदा पाय, एकदा टाळी, बस्स. लंडनमधला वेसेक्स स्टुडिओ एका जुन्या चर्चच्या इमारतीत होता. तिथे पडलेल्या लाकडी फळ्यांवर मंडळींनी धपाधप पाय आपटले आणि तो आवाज एकावर एक चढवत नेला. पण नुसता चढवला तर प्रतिध्वनी ऐकू येतो, गर्दी नाही. ब्रायनचं शिक्षण फिजिक्सचं. त्याने प्रत्येक आवाज थोडा थोडा उशिरा सोडला आणि उशिराची ही अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे कुठलाही आवाज दुसऱ्याशी ठरावीक लयीत जुळणार नाही. झाली हजारोंची गर्दी! ऑफिसात डब्याच्या झाकणावर मी हा ठेका धरून पाहिला. एकट्याने वाजवला की कुणीतरी दार ठोठावतंय असंच वाटतं.

याच ब्रायनने पुढे २००७ मध्ये, मध्ये तीस-पस्तीस वर्षांची सुट्टी घेऊन, खगोलशास्त्रातली पीएचडी पुरी केली. विषय: सूर्यमालेतली धूळ. त्याची गिटार त्याने पोरवयात वडिलांबरोबर घरीच बनवलेली. दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीचा, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, आणि स्वर लचकवायच्या दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. वाजवतो मात्र सहा पेन्सच्या नाण्याने. आपल्याकडे ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धेत असं काही नेलं असतं तर परीक्षकांनी उत्तेजनार्थ देऊन वाटेला लावलं असतं.

जॉन डीकन सगळ्यांत अबोल. पण त्याचंच ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. ते सिंगल म्हणून काढा, हा आग्रह कुणाचा? मायकल जॅक्सनचा. या गाण्याची लय मिनिटाला सुमारे ११० ठोक्यांची, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायला अगदी बरोबर. फक्त शीर्षकात एकेक जण धारातीर्थी पडतोय, म्हणून डॉक्टरांनी ते मनातल्या मनातच म्हणावं.

आणि फ्रेडी? ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ त्याला म्युनिकच्या हॉटेलात, बाथटबमध्ये सुचलं. गिटार आपल्याला जेमतेमच येते हे तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे गाणंही मोजक्याच कॉर्ड्सचं. झांझिबारच्या पारशी घरातला हा फारोख बल्सारा आठव्या वर्षी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला आला. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलंच, आणि पहिला बँडही तिथलाच, ‘द हेक्टिक्स’. त्यात हा पियानोवर. मुख्य गायक दुसराच मुलगा होता!

१९९१ च्या ऑक्टोबरात ‘ग्रेटेस्ट हिट्स टू’ आला आणि रॉजरचं खातं एकदाचं उघडलं. ‘रेडिओ गा गा’ आणि ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ ही दोन्ही त्याची. महिन्याच्या आत, २४ नोव्हेंबरला, फ्रेडी एड्सने गेला. ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा निघालं आणि पुन्हा पहिल्या नंबरवर जाऊन पाच आठवडे तिथेच राहिलं. जोडीला या वेळी ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ होतं. नावावर चौघांच्या, पण लिहिलेलं मुख्यतः रॉजरने. या खेपेला पैसे मात्र एड्सवर काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले.