ढोल्याच्या घमेल्यातल्या मुंग्या

बालमित्रांनो, तुमच्या घरी मांजर आहे का? असेल तर त्याच्या पाण्याच्या वाटीवर आठवडाभर जरा नजर ठेवा. का, ते आता सांगते.

आमच्याकडे ढोल्या नावाचा बोका आहे. वय नऊ वर्षं. नावावरून अंगकाठीची कल्पना तुम्हाला आलीच असेल! आम्ही राहतो लोणावळ्यात. इथला पाऊस कसा असतो, ते भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजून गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. तुम्हाला त्या पावसाची मजा वाटते, पण आमचे बोकोबा पावसाळ्यात उंबरठा ओलांडत नाहीत. म्हणून मागच्या पडवीत त्यांच्यासाठी वाळूचं घमेलं भरून ठेवलेलं असतं.

गेल्या वर्षी जुलैत ते घमेलं दिवसातून दोनदा बदलावं लागायला लागलं. पाण्याची वाटी सारखी रिकामी. ढोल्या खात होता पूर्वीपेक्षा जास्त, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. पुढे तर तो मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवून, सशासारखा चालू लागला. मला वाटलं, म्हातारपण आलं. मग एके दिवशी सासूबाईंनी हाक मारली, "अगं, इकडे ये. ह्याच्या घमेल्याला मुंग्या लागल्यात. ह्याला माझ्यासारखी साखर तर नाही ना झाली?"

आहे की नाही कमाल! चरकसंहितेतही मधुमेहाची हीच खूण सांगितली आहे. सासूबाईंनी ती न वाचताच ओळखली. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवीही तपासली. दोन्ही का? तर दवाखान्यात नुसतं घाबरूनही मांजराच्या रक्तातली साखर चढते. लघवीतही साखर निघाली, लक्षणंही जुळली, तेव्हा शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात मी ही हकिकत सांगितली. एकाने लगेच विचारलं, "बाई, त्याने चिक्की खाल्ली असेल ना?" लोणावळ्याच्या बोक्याबद्दल दुसरं काय सुचणार म्हणा! पण गंमत अशी, की मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखायला जे जनुक लागतं ते मांजरांमध्ये निकामी आहे, हे २००५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तुम्ही चिक्कीचा तुकडा पुढे केलात तरी ढोल्या हुंगून निघून जाईल.

मग झालं काय? शाळेतल्या खिचडीचं उदाहरण घ्या. पातेलं भरून खिचडी शिजली आहे, मुलं भुकेली बसली आहेत, पण वाढपीच आला नाही. रक्तातली साखर म्हणजे ती खिचडी, शरीरातल्या पेशी म्हणजे मुलं आणि स्वादुपिंडातून येणारं इन्शुलिन म्हणजे वाढपी. लठ्ठ मांजराच्या बाबतीत तर वाढपी आला तरी मुलं ताटच पुढे करत नाहीत! वाढपी बिचारा फेऱ्या मारून थकतो. पातेलं भरलेलं आणि पोटं मात्र रिकामी. वाढली न गेलेली साखर लघवीवाटे जाते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून सारखी तहान. लठ्ठ आणि दिवसभर लोळणाऱ्या बोक्यांना हा धोका जास्त.

आता ढोल्याचं पथ्य. आमच्या मावळात मांजराला काय घालतात? दूधभात! इंद्रायणी तांदूळ तर इथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला. पण मांजर मूळचं शिकारी. त्याला हवं मांस, मासळी; भाताचं पिष्ट पचून साखरच व्हायची. डॉक्टरांनी दूधभात बंद केला आणि मांजरांसाठी मिळणारं, पिष्ट कमी असलेलं ओलं खाद्य मापून द्यायला सांगितलं. नुसतं उकडलेलं चिकन किंवा मासेही पुरत नाहीत बरं का, त्यात मांजराला लागणारं सगळं नसतं. सासूबाईंना हे फार जड गेलं. दोन दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. पण एक गोष्ट पालकांनी मात्र ध्यानात ठेवावी. इन्शुलिन चालू असताना खाणं मनाने बदलायचं नाही. पिष्ट कमी झालं की इन्शुलिनही कमी लागतं. जुनाच डोस चालू राहिला तर साखर धोक्याइतकी उतरते.

डोस किती? ढोल्याला सुरुवातीला १ युनिट, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७. आधी खाणं, मग सुई. मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरायची आणि बारीक सुई टोचायची. तो खाण्यात इतका गुंग असतो, की मान वरही करत नाही. माझाच हात पहिले चार दिवस थरथरत होता.

आता तुमच्यासाठी एक गणित. ढोल्याच्या बाटलीवर '४०' लिहिलंय, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट. सासूबाईंच्या इन्शुलिनवर '१००' आहे. ४०च्या सिरिंजला लाल टोपी असते, १००च्या सिरिंजला नारिंगी. समजा, चुकून १००चं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १च्या रेघेपर्यंत भरलं, तर ढोल्याला किती युनिट जातील? करा पाहू. उत्तर अडीच! मिलिलिटरचा चाळिसावा भाग म्हणजे जेमतेम अर्धा थेंब, पण फरक अडीचपट. म्हणून आमच्या फ्रिजमध्ये दोघांचे डबे वेगळे आहेत आणि ढोल्याच्या डब्यावर माझ्या लेकीने मिशा काढल्या आहेत.

एवढं सांभाळूनही चूक झालीच. ऑगस्टमधला शनिवार होता. सकाळची शाळा, म्हणून मी जरा लवकर सुई देऊन लोकल गाठायला पळाले. ह्यांना वाटलं, मी घाईत विसरले. त्यांनी सातला पुन्हा दिली. दहाच्या सुमारास लेकीने पाहिलं तर ढोल्या खाटेखाली झोकांड्या खात होता, मान ताठ धरता येत नव्हती. तिने ह्यांना हाक मारली. दोघांनी मिळून ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळलं. तोंडात ओतलं नाही, कारण गुंगीतल्या मांजराच्या ते छातीत जाऊ शकतं. मग डॉक्टरांना फोन, आणि धो धो पावसात रिक्षा. दिवसभर त्याला तिथे ठेवून घेतलं. मी कामशेतहून परतले तेव्हा लेक दवाखान्याच्या बाकावर बसून होती. मला बघितल्यावर मग रडली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर नियम लागू झाला: सुई दिली की त्याच क्षणी तारखेच्या चौकटीत खूण आणि वेळ. खूण करायचं काम लेकीचं, सुई धरायचं मोठ्यांचं. आणि दिली की नाही अशी शंका आली, तर द्यायची नाही. डॉक्टरांनी हे दोनदा बजावलं. एखादी सुई चुकली तर साखर थोडी वाढेल, ती पुढे आटोक्यात आणता येते. दुप्पट गेली तर काही तासांत जिवावर बेततं. खाल्लं नाही किंवा उलटी केली, तर सुई देण्याआधी डॉक्टरांना फोन.

हे औषध मिळालं तरी कसं? १९२१च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ते शोधलं. जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचलं गेलं, आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला. पुढे कितीतरी वर्षं इन्शुलिन गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. मांजराचं इन्शुलिन गाईच्या इन्शुलिनशी फार मिळतंजुळतं असतं, हे ऐकून सासूबाईंना काय आनंद झाला!

आता आम्ही ढोल्याची साखर घरीच तपासतो. कोमट फडक्याने कान शेकायचा, कडेला टोचून रक्ताचा इवलासा थेंब पट्टीवर घ्यायचा. माणसांचं यंत्र मांजराची साखर जरा कमी दाखवतं, म्हणून कोणतं यंत्र वापरतो तेही डॉक्टरांना सांगून ठेवलंय. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत जमवून दवाखान्यात परत देतो. त्या कचऱ्यात टाकल्या तर घंटागाडीवाल्या दादांच्या हातात घुसतील.

उपचार लवकर सुरू झाले, खाणं सुधारलं, तर काही मांजरांना पुढे इन्शुलिन लागेनासं होतं. सगळ्यांचं होत नाही, आणि झालं तरी मधुमेह परत येऊ शकतो. ढोल्याचा डोस दिवाळीनंतर अर्ध्यावर आला. पाय पुन्हा पंजांवर टेकतात, आणि परवा तो ओट्यावर उडी मारून माझ्या डब्यातल्या बोंबलापर्यंत पोचला. लेकीच्या वहीत आकड्यांची पाच पानं भरली आहेत. येत्या रविवारी ती वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे जाणार आहोत. मुंग्या मात्र त्या घमेल्याकडे आता फिरकत नाहीत.