पहिल्या मस्टँगचा जीर्णोद्धार

फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती आणि दोन वर्षांच्या आतच दहा लाखावी गाडी तयार झाली. एवढ्या गाड्या निघाल्या म्हणूनच १९६५-६६ सालची जीर्ण मस्टँग अमेरिकेत आजही सापडते आणि तिचे बहुतेक सुटे भाग नव्याने बनवलेले मिळतात.

कामाची सुरुवात गाडीच्या क्रमांकापासून होते. बॉनेटखाली, चाकावरच्या आतल्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो. पहिला अंक सालाचा, त्यापुढचे अक्षर कारखान्याचे: 'एफ' म्हणजे डिअरबॉर्न, 'आर' म्हणजे सॅन होजे, 'टी' म्हणजे मेटुचेन. मग बॉडीचा प्रकार आणि इंजिनाचे अक्षर. 'के' अक्षर २८९ घनइंचाच्या जास्त ताकदीच्या व्ही-८ इंजिनाचे. अशा गाड्या थोड्या आणि महाग, त्यामुळे या अक्षराची बनावटही होते. क्रमांक आणि दारावरची पट्टी जुळवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

या गाडीचा खरा शत्रू गंज, आणि तो बहुधा दिसत नाही तिथे असतो. पुढच्या काचेखाली हवा आत घेणाऱ्या जाळ्या आहेत. त्यांतून पावसाचे पाणीही एका बंद पोकळीत उतरते आणि दोन्ही बाजूंनी खाली निघून जाते. पोकळीत पालापाचोळा साचला की पाणी अडते, हवेच्या तोंडाभोवतीचा पत्रा कुजतो आणि पाणी थेट पायाखालच्या तळावर गळू लागते. तळाचा पत्रा बदलून हा दोष जात नाही. पोकळी दुरुस्त झाली नाही तर नवा तळही सडतो. परीक्षा सोपी आहे: जाळीवर पाणी ओतायचे आणि डॅशबोर्डखाली हात लावून पाहायचे. दुरुस्ती मात्र किचकट, कारण पोकळीचे झाकण असंख्य स्पॉट वेल्डनी जोडलेले असते आणि प्रत्येक वेल्ड ड्रिलने सोडवावा लागतो.

मस्टँगला वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून तळ किंवा खालचे लांब आडवे भाग कापण्याआधी दारांच्या चौकटींत लोखंडी आधार वेल्ड करतात आणि एका वेळी एकच बाजू उघडतात. पक्के छत नसलेल्या कन्व्हर्टिबलमध्ये ही खबरदारी अनिवार्यच आहे. आधार न देता कापलेली बॉडी वाकते आणि मग दारे लागत नाहीत. जुना रंग काढताना सपाट पत्र्यावर जोरदार वाळूचा मारा टाळावा. पातळ पत्रा त्याने लहरतो. नवे पत्रे, दारे, बॉनेट आधी जोडून फटी सारख्या कराव्यात, रंग नंतर. पुट्टीचा जाड थर देऊन फटी झाकणे म्हणजे काम पुढच्या मालकावर ढकलणे.

मूळ रूप जपण्याचा आग्रह रास्त आहे, पण ब्रेकच्या बाबतीत तो सोडावा. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. एका ठिकाणी गळती झाली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७ पासूनचा दोन कप्प्यांचा सिलिंडर, योग्य त्या पाइपांसह, इथे बसवता येतो.

इंजिन पूर्ण सोडवून सिलिंडरची झीज मोजतात. झीज जास्त असेल तर बोअर ०.०३० इंचाने वाढवून मोठे पिस्टन आणि रिंगा घालतात. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले; त्यामुळे हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्याही बदलाव्यात. नवा कॅमशाफ्ट घातला असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन निष्क्रिय वेगावर ठेवू नये. जस्तयुक्त तेल भरून ते मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर वीस-तीस मिनिटे चालवावे, तेवढ्यात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर बसतात. नंतर तेल आणि फिल्टर बदलावे.