आग लागल्यावर माणसे कोणते दार धरतात?

म्हैसूरच्या प्रीमिअर स्टुडिओत ८ फेब्रुवारी १९८९ रोजी ‘द स्वॉर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेचे चित्रीकरण चालू असताना आग भडकली. ६२ जणांचा बळी गेला, मालिकेचे नायक आणि दिग्दर्शक संजय खान गंभीर भाजले. भिंतींना गोणपाट लावलेले होते आणि हवा खेळायला वाव नव्हता. अशा वेळी बाहेर पडायला मोजकीच मिनिटे मिळतात. त्यात माणूस दार कसे निवडतो, याचे गणित आता संगणकीय प्रारूपांतून मांडले जाते. त्यामागच्या अभ्यासाने अनेक रूढ समजुती खोट्या ठरवल्या आहेत.

गैरसमज : माणूस सर्वांत जवळच्या दाराकडे धावतो.

वस्तुस्थिती : बहुधा तो आला त्याच वाटेने परत जातो. आइल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड या करमणूक केंद्रात १९७३ मध्ये आग लागून ५० जण दगावले. त्या घटनेचा अभ्यास करताना मानसशास्त्रज्ञ जोनाथन साइम यांना ओळखीची वाट आणि आपली माणसे, या दोन्हींची ओढ ठळकपणे दिसली. अमेरिकेतल्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबला २० फेब्रुवारी २००३ रोजी आग लागली, तेव्हा बाहेर पडायला चार दारे होती; तरी बहुतेकांनी पुढचेच दार गाठले. तिथे माणसांवर माणसे पडून वाट बंद झाली. या आगीत १०० जण गेले.

गैरसमज : आग म्हटली की लोक बेभान होतात.

वस्तुस्थिती : समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली यांनी अनेक आपत्ती अभ्यासून दाखवले की अशी बेभान घबराट क्वचितच दिसते. घात होतो तो उशिराने. खरेच आग आहे का हे विचारण्यात, सामान आवरण्यात, सोबतच्यांना शोधण्यात पहिला मोलाचा वेळ जातो.

गैरसमज : जितकी घाई, तितकी लवकर सुटका.

वस्तुस्थिती : डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या प्रारूपात, रेटा वाढला की दारापाशी माणसांची कमान होऊन ती अडकतात. धुरात सगळेच एकमेकांमागे गेले, तर दुसरे दार रिकामे राहते.

गैरसमज : नकाशात दारे पुरेशी असली की झाले.

वस्तुस्थिती : दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण मेले. बाल्कनीत जादा आसने बसवल्याने उजवीकडची वाट बंद झाली होती. म्हणून संगणकीय प्रारूपात अंतर, रांग, धूर आणि ओळख यांच्याबरोबरच एखादे दार बंद आहे असे धरूनही हिशेब करून पाहायला हवा. आणि नाट्यगृहांनी, मंगल कार्यालयांनी कार्यक्रम संपल्यावर लोकांना आणीबाणीच्या दारांतूनही सोडावे. ती दारे त्यांच्या ओळखीची होतील आणि एखाद्याला कुलूप असेल तर तेही त्याच दिवशी उघडकीला येईल.