गव्याला वाट द्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी अब्बांबरोबर एस.टी.ने पाटणहून कोयनानगरला निघालो होतो. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी डोंगराकडे बोट दाखवून सांगितलं, "तिकडं रानरेडं हायती." मी खिडकीला नाक लावून बसलो, पण रेडा काही दिसला नाही.

पुढे कळलं, की तो रेडा नव्हेच. तो गवा, गाय-बैलांच्या कुळातला. खांद्यापाशी माणसाएवढा उंच, आणि पूर्ण वाढलेल्या नराचं वजन हजार किलोपर्यंतही जातं. अंग काळंभोर, पाय मात्र गुडघ्यापासून खाली पांढरे, जणू मोजे घातलेत. एवढा थोराड गडी, पण स्वभावाने लाजाळू. गवत, झाडपाला, बांबूचे कोंब खावेत, पाणी प्यावं आणि माणसाची चाहूल लागताच रानात शिरावं, हा त्याचा शिरस्ता.

गव्यांसाठी प्रसिद्ध असलेलं दाजीपूर-राधानगरीचं अभयारण्य १९५८ सालचं. कोयना आणि चांदोली अभयारण्यं १९८५ मध्ये झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये कोयना-चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोलीतली गावं उठली, तिथल्या पडीक शेतांत गवत माजलं आणि गव्यांना कुरणं मिळाली. गवा आज जिथं चरतो, तिथं कुणाचा तरी उंबरठा होता, हे आपण विसरू नये.

मग गवा रान सोडून खाली का येतो? उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत वाळतं, पाणी आटतं. खाली मात्र उसाचे हिरवेगार फड उभे असतात. त्यात चाराही मिळतो आणि लपायला आडोसाही. शेतकऱ्याचं नुकसान होतं, ते खरंच आहे. त्याला भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे.

पण गवा शहरात शिरला, की खरा प्रश्न गर्दीचा होतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा आला. लोक मागे धावले, तो जीव घेऊन पळत राहिला. अखेर बेशुद्ध करून पकडला, पण वाचला नाही. वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला. तिथं रस्ते अडवले, बघ्यांना लांब ठेवलं, धीर धरला. गवा गाडीत चढला आणि रानात परत गेला.

तेव्हा गवा दिसला तर लांब राहा. आरडाओरडा करू नका, मोटारसायकल मागे घालू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. वाट अडली, की भ्यालेला गवा अंगावर येतो आणि त्यात माणसाचाही जीव जातो. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा आणि त्याची परतीची वाट मोकळी ठेवा.

त्या बाबांनी दाखवलेला डोंगर अजून तिथंच आहे. उद्या एखाद्या पोराने खिडकीला नाक लावलं, तर त्याला तिथं गवा दिसावा, एवढंच मागणं.