बैलगाडीपासून जॅकपर्यंत: वाहनांतील साधी यंत्रे

तरफ, चाक आणि आस, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र ही साधी यंत्रे सहावीच्या सामान्य विज्ञानात शिकवली जातात. जळगाव-धुळ्याच्या मुलांना त्यांतली बरीचशी दारातल्या वाहनांत सापडतात. यंत्रांची नावे लवकर पाठ होतात. बल वाचवले की अंतर वाढते आणि अंतर वाचवले की बल जास्त लागते, हा खरा धडा मात्र हातात टेप घेऊन मोजल्यावरच उमगतो.

बैलगाडी मुळात एक तरफ आहे आणि आस हा तिचा टेकू. कापूस भरताना मागे भार जास्त झाला, की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त झाला, की ती धुरजड होऊन ओझे मानेवर येते. म्हणून भरणारा माणूस भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो. चाकाचे काम वेगळे. दीड मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.७ मीटर पुढे जाते, तर ५ सेंटिमीटर जाडीच्या आसावर त्याच वेळी जेमतेम १६ सेंटिमीटर घासले जाते. घर्षण एवढ्याशा अंतरात उरकते, त्यातही वंगण असतेच.

सायकलमध्ये हिशेब उलटा होतो. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा व्यास ७१ सेंटिमीटर धरला, तर सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. त्या फेऱ्यात पाऊल फिरते जेमतेम एक मीटर. म्हणजे पायाचे बल रस्त्यापर्यंत पोचताना साधारण पाचपट घटते. येथे बल देऊन अंतर मिळवले जाते, म्हणूनच चढावर दम लागतो. टायरवर खडूची खूण करून हे शाळेच्या मैदानात पडताळता येते. साखळीत बोट जाणार नाही एवढे पाहावे.

मळसूत्र समजावण्यासाठी कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीवर गुंडाळावा. त्याची तिरपी कड वेढे घेत वर चढते. मळसूत्र म्हणजे गुंडाळलेली उतरण. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालचा मळसूत्री जॅक याच तत्त्वावर चालतो. दांडा ३० सेंटिमीटरचा आणि दोन आट्यांमधले अंतर ६ मिलिमीटर असेल, तर हात १८८ सेंटिमीटर फिरतो तेव्हा ट्रॉली ६ मिलिमीटर उचलली जाते. कागदावर बल तीनशे पटींहून जास्त वाढते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक श्रम घर्षणात जातात, आणि ते जायलाच हवेत. घर्षण इतके नसते, तर दांडा सोडताच मळसूत्र उलटे फिरून ट्रॉली खाली आली असती. वर्गात घर्षणाचे तोटेच अधिक सांगितले जातात. ही बाजूही सांगावी.

चाळीसगावहून धुळे-सोलापूर महामार्गाने कन्नड घाट चढतानाही बल वाचवले की अंतर वाढते, हाच नियम लागू पडतो. सरळ चढणीला वाहन हरले असते. वळणांनी अंतर वाढवून चढ सौम्य केला आहे. चढावर बंद पडलेल्या वाहनाच्या चाकाखाली सारलेला दगड पाचरीचे काम करतो. जॅक लावण्याआधीही चाकांना असा अटकाव हवा, आणि उचललेल्या वाहनाखाली मुलांना कधीही जाऊ देऊ नये.