वर्गशिक्षिकेची वही आणि मुलाचा ताबा

बर्मिंगहॅम : आईबापाचं वेगळं व्हायचं ठरलं की दोघांपैकी एक जण कधी ना कधी शाळेच्या ऑफिसात येऊन उभा राहतो. "मॅडम, एक पत्र हवं होतं. मुलाला शाळेत मीच सोडतो, अभ्यास मीच घेतो, पालकसभेला मीच येतो, एवढंच लिहून द्या." छत्रपती संभाजीनगरात सिडको किंवा गारखेड्यातल्या मुख्याध्यापकांना ही विनंती नवी नसेल. इंग्लंडमधले पालकही हेच मागतात. फरक आहे तो शाळेच्या उत्तरात. इथल्या शाळा सहसा असं पत्र देत नाहीत. न्यायालयाने विचारलं तर जे माहीत आहे ते सांगू, एवढंच म्हणतात.

त्यामागे कायदा आहे. 1996 च्या शिक्षण कायद्याच्या लेखी आई आणि वडील दोघेही पालकच, मग ते एका छताखाली राहोत वा न राहोत. प्रगतीचा अहवाल दोघांना, पालकसभेचं बोलावणंही दोघांना. एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला फाटकात अडवायचं, तर न्यायालयाचा आदेश दाखवावा लागतो. रजिस्टरमधलं मुलाचं आडनावसुद्धा एकट्या आईच्या किंवा एकट्या वडिलांच्या अर्जावर बदलत नाही.

तरीही शाळांवरचा ताण मोठा आहे. एप्रिल 2013 पासून सरकारने कौटुंबिक वादांतली बहुतेक मोफत कायदेशीर मदत बंद केली. मुख्यतः घरगुती छळाचा किंवा मुलाला असलेल्या धोक्याचा पुरावा असला तरच सरकारी खर्चाने वकील मिळण्याची वाट उरली. परिणामी कितीतरी आईबाप वकिलाशिवाय न्यायाधीशांसमोर उभे राहतात आणि पुराव्याचे कागद स्वतःच गोळा करतात. सगळ्यात जवळचा दरवाजा शाळेचा, म्हणून पहिली धाव तिथे.

मग शिक्षिकेला जे ठाऊक आहे ते न्यायाधीशांपर्यंत पोचतं कसं? त्यासाठी 2001 पासून 'कॅफकॅस' नावाची सरकारी संस्था आहे. 1989 च्या बालक कायद्यात कलम 7 आहे. त्याखाली न्यायालय अहवाल मागवतं. कॅफकॅसचा सल्लागार मुलाशी आणि दोन्ही पालकांशी बोलतो, गरज असेल तिथे शाळेकडेही चौकशी करतो. मूल वेळेवर येतं का, घ्यायला कोण येतं, वागण्यात काही बदल झाला का, घराविषयी आपणहून काय बोलतं, असे साधे प्रश्न असतात. शिक्षिका उत्तरं देते ती न्यायालयाने नेमलेल्या माणसाला, कुणा एका पक्षाला नव्हे. अहवाल दोन्ही पक्षांना वाचायला मिळतो. तिने प्रत्यक्ष साक्षीला येण्याची वेळ क्वचित येते. 2022 मध्ये डॉर्सेट आणि उत्तर वेल्समध्ये 'पाथफाइंडर' नावाची नवी पद्धत सुरू झाली, 2024 मध्ये ती बर्मिंगहॅमलाही आली. तिच्यात ही माहिती खटल्याच्या सुरुवातीलाच गोळा करतात, म्हणजे आईबाप एकमेकांवर आरोपांचे ढीग रचण्याआधी मुलाची स्थिती न्यायाधीशांच्या टेबलावर असते. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो.

पण या सगळ्याचा पाया म्हणजे शाळेतली नोंद. इथे प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक जबाबदार शिक्षक नेमलेला असतो. सोमवारी मूल गप्प बसलं, अंगावर वळ दिसला, 'मला तिकडे जायचं नाही' असं म्हणालं, की ते त्याच दिवशी लिहायचं. तारीख, वेळ, लिहिणाऱ्याचं नाव. मुलाचे शब्द मुलाच्याच भाषेत. आपला अंदाज वेगळा लिहायचा, नसेल तर लिहायचा नाही. मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही. अशी नोंद कुणाला जिंकवण्यासाठी केलेली नसते, तिचं वजन त्यामुळेच असतं. खटला उभा राहिल्यावर आठवून लिहिलेल्या पत्राला ते कधीच येणार नाही.

आणि तरीही नोंद पुरी पडत नाही, हे या देशाने सारा शरीफच्या मृत्यूतून पाहिलं आहे. सारा सरे परगण्यातल्या वोकिंगची, दहा वर्षांची. आईवडील वेगळे झालेले. 2019 मध्ये गिल्डफर्डच्या कौटुंबिक न्यायालयाने तिला वडील आणि सावत्र आईकडे राहायला दिलं. जून 2022 मध्ये आणि पुन्हा मार्च 2023 मध्ये तिच्या चेहऱ्यावरच्या खुणा शाळेच्या लक्षात आल्या. शिक्षिकांनी तिला विचारलं, लिहून ठेवलं, मार्चमध्ये समाजसेवा खात्याला कळवलंही. खात्याने काही दिवसांतच प्रकरण बंद केलं. एप्रिलमध्ये 'घरीच शिकवतो' म्हणून वडिलांनी तिला शाळेतून काढलं. रोज तिच्या चेहऱ्याकडे पाहणारी घराबाहेरची माणसं एका अर्जासरशी दूर झाली. ऑगस्टमध्ये तिचा खून झाला. शाळेतल्या लोकांचं म्हणणं न्यायालयाने ऐकलं ते लंडनच्या ओल्ड बेलीत, खुनाच्या खटल्यात. डिसेंबर 2024 मध्ये वडील आणि सावत्र आईला जन्मठेप झाली. ताब्याचा आदेश देऊन न्यायालयाने फाइल मिटली होती, त्यानंतर शाळेने पाहिलेलं त्या न्यायाधीशांकडे परत जाण्याची थेट वाट नव्हती. इंग्लंडची व्यवस्था चांगली म्हणून सांगताना हे सांगणं मला भाग आहे.

आता आपल्याकडे पाहू. संभाजीनगरात शिक्षक साक्षीच्या नावाने बिचकतात, ते उगाच नाही. समन्स, तारखा, उलटतपासणी, आणि निकालानंतरही तेच पालक शाळेच्या दारात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण घरोघरी शिकवलेलंच आहे. पण शिक्षिकेला त्या पायरीवर न चढवताही तिचं म्हणणं ऐकण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 12 बालकल्याणाच्या जाणकारांची मदत घेऊ देतं. कलम 14 पुराव्याचे नेहमीचे काटेकोर नियम बाजूला ठेवून उपयोगी कागद स्वीकारू देतं. महाराष्ट्राच्या 1987 च्या नियमांनुसार न्यायालयाचे समुपदेशक घरभेट देऊ शकतात, ओळखीच्यांशी बोलू शकतात आणि मुलाशी आईवडिलांचं नातं कसं आहे यावर अहवाल देऊ शकतात. तेच समुपदेशक शाळेत का जाऊ नयेत?

आणखी एका कागदाकडे बारकाईने पाहायला हवं, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. समजा वाळूजला राहणारी आई भांडणानंतर मुलाला घेऊन बीडला माहेरी गेली आणि तिथे शाळेत नाव घातलं. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम 9 सांगतं की मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. मग वाळूजचा दाखला आणि बीडचं बोनाफाईड हे दोन्ही कागद खटल्यात पहिल्या दिवसापासून बोलू लागतात. मुलाचं शिक्षण थांबू नये म्हणून शिक्षणहक्क कायद्याने दाखला अडवायला बंदी केली, ते योग्यच आहे. दाखला थांबवू नये, पण तो कुणी, कोणत्या दिवशी, काय कारण देऊन नेला हे रजिस्टरमध्ये स्वच्छ लिहिलेलं असावं, आणि दुसऱ्या पालकाला त्याच दिवशी कळवावं.

संभाजीनगरच्या वकील मंडळींना माझी विनंती आहे. ताब्याच्या अर्जात वर्गशिक्षिकेवर समन्स काढण्याआधी न्यायालयाच्या समुपदेशकांनी शाळेला भेट द्यावी असा अर्ज करून पाहा. हजेरीपट, प्रगतिपुस्तक आणि नोंदवही तिथेच पाहता येतील, आणि मॅडम आपला तास बुडवून कोर्टाच्या बाकावर बसणार नाहीत.