गंडीपेटच्या पलीकडची मातीची वाट

हैदराबादच्या पश्चिमेला डांबर लवकर संपतं. नार्सिंगीला आउटर रिंग रोडच्या कडेने 2023 साली खुला झालेला 23 किलोमीटरचा सायकल ट्रॅक आहे. डोक्यावर सौर पॅनेलांचं छप्पर, खाली गुळगुळीत रस्ता, त्यामुळे पहाटे तिथे सायकलवाल्यांची गर्दी असते. आमच्यासारखे काही जण मात्र गंडीपेट तलावाला वळसा घालून चिलकूरकडे वळतात. कोकापेटचे उंच मनोरे पाठीशी दिसत असतानाच चाकाखाली मुरूम येतो. पुढे मोईनाबाद, शंकरपल्ली करत पार विकाराबादच्या अनंतगिरीपर्यंत जायचं असेल, तर जिथे जमेल तिथे शेतवाटा धरून जाता येतं.

एवढ्या मोठ्या शहराच्या दाराशी ही माती शिल्लक राहिली ती पिण्याच्या पाण्यामुळे. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसं दगावली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानुसार मुसीवर उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेट, 1920 साली पुरा झाला आणि ईसी नदीवर हिमायतसागर 1927 साली. पूरही अडला आणि शहराला पाणीही मिळालं. या तलावांच्या पाणलोटात कारखाने आणि इमारती उठू नयेत म्हणून 1996 साली 111 क्रमांकाचा शासन आदेश निघाला आणि 84 गावांतल्या बांधकामांवर मर्यादा आल्या. शहर उत्तरेकडे, दक्षिणेकडे हातपाय पसरत राहिलं. या गावांत मात्र ज्वारी, कापूस, भाजीपाला टिकला. शेती टिकली म्हणून शेतात जायच्या वाटा टिकल्या. आमची सायकल चालते ती त्या वाटांवर.

ग्रॅव्हलचा, म्हणजे अशा कच्च्या वाटांवरचा, मार्ग आखायचा तर आधी घरी बसून उपग्रहाची चित्रं न्याहाळायची. उन्हाळ्यातलं चित्र असेल तर वाट पांढरट उमटते. मधे गवताचा हिरवा पट्टा आणि दोन बाजूंना दोन रेघा दिसल्या, तर ट्रॅक्टर जातो हे नक्की, आणि ट्रॅक्टर जातो तिथून सायकल जातेच. एकच बारीक रेघ असेल तर ती पायवाट. ती बहुधा विहिरीपाशी किंवा कुणाच्या तरी बांधावर संपते. जुन्या सर्वेक्षण नकाशांत बैलगाडीची वाट आणि पायवाट वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेली असते, म्हणून ते नकाशे शेजारी उघडे ठेवायचे. मग रेघा जोडून फाइल तयार करायची, हँडलबारवरच्या उपकरणात घालायची आणि रेकीला निघायचं.

खरं काम तिथून पुढे. तोलकट्टाच्या पुढे एका वळणावर फाइल सरळ जा म्हणत होती आणि समोर नवी कोरी कंपाउंडची भिंत. शेळ्या घेऊन चाललेली एक आजी थांबली. "दारी लेदम्मा, गोडा कट्टिंड्रु," म्हणाली. वाट नाही बाई, भिंत घातलीय. मग आम्ही तेलुगूत अडखळतोय हे पाहून तिने दखनीत सांगितलं, "उधर से जाओ, कुंटे के कट्टे से." त्या कट्ट्यावरून आम्ही पुन्हा आमच्या रेघेवर आलो. अशी माहिती कुठल्याच अ‍ॅपमध्ये नसते. रेकीचा निम्मा वेळ माणसांशी बोलण्यात जातो, आणि जावा. हा रस्ता त्यांच्या रोजच्या कामाचा आहे, आपण पाहुणे आहोत.

कट्टा म्हणजे तळ्याचा बांध. तेलंगणात गावोगावी चेरुवू आणि कुंटे, म्हणजे मोठी आणि लहान तळी, आहेत, आणि 2015 साली सुरू झालेल्या मिशन काकतीय या तळी-दुरुस्तीच्या योजनेत त्यातल्या पुष्कळांचा गाळ निघाला, बांध मुरूम घालून मजबूत झाले. सायकलला याहून चांगली वाट नाही. रुंदी पुरेशी, दबलेला मुरूम, एका बाजूला पाणी आणि बगळे, दुसऱ्या बाजूला खाली भाताची खाचरं. फक्त पावसाळ्यात अलुगु, म्हणजे तळ्याचा सांडवा, वाहता आहे का ते आधी विचारून घ्यायचं. वाहत असेल तर उतरायचं नाही. पाणी घोट्याएवढं दिसतं, पण खालचा दगड शेवाळलेला असतो.

या वाटेवर मला सर्वांत जास्त आवडतं ते जमीन बदलत जाणं. हैदराबादची जमीन ग्रॅनाइटची, जगातल्या अतिप्राचीन खडकांपैकी. हा खडक झिजून जो मुरूम होतो, त्यात गुलाबी आणि पांढरे रवाळ कण असतात. सरळ जाताना चाकाखाली करकर आवाज येत राहतो, वळताना मात्र सांभाळायचं, कारण फरशीवर ज्वारी सांडावी तसे ते कण टायरखाली गोल फिरतात. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. तांबड्या रेताड मातीला इथले शेतकरी चलका म्हणतात. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी ती दाबून बसते आणि सायकल अक्षरशः पळते.

चेवेल्ल्याकडून पुढे जमीन काळी होत जाते. दख्खनच्या काळ्या कातळाची पूर्वेकडची कड इथे कुठेतरी आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ही माती लगेच ओळखीची वाटते. मराठवाड्यातली तीच काळी, इथे तिला रेगडी म्हणतात. कोरडी असताना तिच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात आणि एकदा चाक चाकोरीत गेलं की बाहेर काढायला जोर लावावा लागतो. ओली असताना तर वाट सोडून द्यावी. माती टायरला चिकटते, त्यावर गवत चिकटतं, फोर्कमध्ये गोळा अडकतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीने खरवडत सायकल खांद्यावर. म्हणूनच काळ्या जमिनीचे मार्ग आम्ही दिवाळीनंतर धरतो, कापूस फुटलेला असतो तेव्हा.

आणि शेवटी अनंतगिरीचा चढ लागतो, तिथे जांभा. कोकणातल्या वाड्यांच्या भिंतींत दिसतो तोच लाल सच्छिद्र दगड, समुद्रापासून इतक्या लांब, टेकड्यांच्या माथ्यावर. मुसी याच टेकड्यांत उगम पावते. म्हणजे गंडीपेटच्या पाण्याला उलटं धरून आपण तिच्या मुळापर्यंत आलेलो असतो.

टायर 40 मिलिमीटरचे, हवा साधारण 35 पीएसआय. रस्त्यावरच्या सायकलवाल्यांना ही हवा फार कमी वाटते, पण मऊ टायरच खड्ड्यावर दबतो आणि पकड देतो. ट्यूब आम्ही ठेवत नाही, आणि त्याचं कारण गोखरू. पावसाळा सरला की हे जमिनीलगत पसरलेलं पिवळ्या फुलांचं झुडूप वाळतं. फळ फुटून त्याचे पाच भाग होतात, प्रत्येकाला दोन मोठे काटे. कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. ट्यूब असेल तर दर कोसाला पंक्चर. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट नावाचं पांढरं दुधासारखं द्रव असतं. काटा उपटायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवायचं आणि थांबायचं. आधी फसफस, मग पांढरा फेस, मग थेंब घट्ट होतो. बाभळीचा काटा मात्र मोठा, तिथे रबराची वात सुईने भोकात ओढून घ्यावी लागते.

अशा शेतवाटा दुसरीकडेही आहेत, आणि तिथे त्या जपल्या जातात. फ्रान्समध्ये ब्रिटनीत 1984 पासून त्रो ब्रो लेओन नावाची शर्यत शेतवाटांवरून होते. ब्रेटन भाषेच्या शाळांसाठी पैसे उभे करावेत म्हणून ती सुरू झाली, आणि पहिल्या आलेल्या ब्रेटन सायकलपटूला बक्षीस म्हणून डुकराचं पिल्लू मिळतं. शर्यतीपेक्षा मला तिथली व्यवस्था महत्त्वाची वाटते. तिकडे खेड्यातल्या अशा वाटा कम्यूनच्या, म्हणजे गावाच्या मालकीच्या असतात आणि एखादी विकायची तर आधी जाहीर चौकशी करावी लागते. इटलीत टस्कनीतल्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणून 1997 साली लेरोइका ही सायकलफेरी सुरू झाली. आज तिथे पाट्या लावलेला 209 किलोमीटरचा कायमचा मार्ग आहे.

आपल्याकडे 2022 साली त्या 111 क्रमांकाच्या आदेशातले निर्बंध उठवण्याचा निर्णय झाला. त्याआधीपासूनच फार्महाउसच्या भिंती वाढत होत्या. आता प्लॉटच्या पाट्या कापसाच्या शेतात उभ्या आहेत. भिंत उभी राहिली की आधी वाट जाते, कारण ती कुणा एकाची नसते आणि तिच्यासाठी भांडायला कुणी येत नाही. मग मागच्या शेतातला माणूस कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन दोन किलोमीटरचा फेरा घालतो. सायकलवाला दुसरा मार्ग शोधेल, शेतातल्या या माणसाला तो शोधता येणार नाही. गावांच्या महसुली नकाशांत बंड्ल बाट, म्हणजे गाडीवाट, आखलेली असते. या 84 गावांत ती जमिनीवर मोजून दोन्ही टोकांना दगड रोवायला हवेत, आणि तेही लेआउट मंजूर होण्याआधी.